शिकून काय उपयोग?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात गरीब विद्यार्थी साहाय्यक निधीसाठी प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना झाला. तिकिटे खपविण्याचे काम माझ्याकडे होते. मराठी आणि कन्नड, दोन्हीकडच्या मुलांनी मिळून ती दारोदार खपविली. मैदान भरले, एका सरांचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला, हशा आणि टाळ्या झाल्या आणि निधीही बरा जमला. त्यातून खानापूर तालुक्यातून येणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राची फी भरली गेली. आम्हांला धन्यता वाटली. पण दिवाळीनंतर तो वर्गात दिसेना. घर गाठून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फी भरलीत रे तुम्ही. पण दादा बी. ए. होऊन घरीच बसलाय. शिकून काय उपयोग?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे जॅकी रॉबिन्सन या अमेरिकन बेसबॉलपटूची हकीकत वाचनात आली आणि हाच प्रश्न तेथेही भेटला. म्हणून हा लेख.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. मात्र त्याचे धाकटे भावंड सॉफ्टबॉल आपल्या शाळांतून खेळले जाते. चेंडू टप्पा न पाडता फेकतात, बॅट गोल दांड्यासारखी असते आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर नव्वद-नव्वद फुटांवर चार 'बेस' असतात. फलंदाज हे कोपरे फिरून मूळ जागी परतला की एक धाव. चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढचा बेस गाठणे म्हणजे 'बेस चोरणे', आणि या विद्येत रॉबिन्सन यांचा हात धरणारे थोडेच होते.

परंतु त्यांचे नाव अजरामर झाले ते वेगळ्या कारणाने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मोठ्या बेसबॉल संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता; त्यांनी आपल्या वेगळ्या संघांतून खेळावे असा अलिखित दंडक होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून रॉबिन्सन मैदानात उतरले आणि तो दंडक मोडला. शिव्याशाप आणि धमक्या सोसून त्यांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळविला.

त्याआधीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. वडील घर सोडून गेलेले, आई मॅली लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करून पाच मुले वाढविणारी. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. रौप्यपदक घेऊन मायदेशी परतलेल्या या खेळाडूला पुढे काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. धाकट्या जॅकीने हे डोळ्यांनी पाहिले होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार-चार खेळांत नाव कमावूनही १९४१ साली पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले. आईवरचा भार हलका करणे हे एक कारण; दुसरे असे की, काळ्या माणसाने कितीही शिकले तरी त्याला नोकरी मिळत नाही, असे त्यांचे मन सांगत होते. माझ्या मित्राचाच हा प्रश्न!

आता गंमत पाहा. शिक्षणावरचा विश्वास उडालेल्या या माणसाच्या नावाने आज अमेरिकेत शिष्यवृत्ती दिली जाते. १९६३ च्या जून महिन्यात रॉबिन्सन आणि त्यांच्या पत्नी रेचेल यांनी स्टॅमफर्ड येथील आपल्या घराच्या हिरवळीवर जाझ संगीताची एक दुपार योजिली. तिकिटे काढून लोक आले आणि गवतावर बसून त्यांनी संगीत ऐकले. जमलेला पैसा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या जामिनासाठी होता. १९७२ साली रॉबिन्सन वारले. पुढच्याच वर्षी रेचेल यांनी त्यांच्या नावे प्रतिष्ठान स्थापिले आणि 'जाझची दुपार' त्यानंतर कित्येक वर्षे विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी भरत राहिली.

आज चाहत्यांचा मेळा मैदानातच भरतो. रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक १९९७ साली सर्व संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. मात्र दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू तोच क्रमांक पाठीवर घालून खेळतात. घामाने भिजलेले हे सदरे पुढे लिलावात निघतात. आवडत्या खेळाडूचा सदरा चाहता हौसेने विकत घेतो आणि ते पैसे या प्रतिष्ठानाकडे जातात. हौस एकाची, शिक्षण दुसऱ्याचे!

पण मला खरे महत्त्वाचे वाटले ते पुढेच. हे प्रतिष्ठान फीचा धनादेश देऊन मोकळे होत नाही. रेचेल स्वतः परिचारिका, पुढे परिचर्येच्या अध्यापिका; रोग्याला औषध देऊन भागत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते, हे त्या जाणत होत्या. शिष्यवृत्ती सामान्यतः चार वर्षांची असते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक अनुभवी मार्गदर्शक असतो. दरवर्षी सर्वांना न्यूयॉर्कला एकत्र आणतात, नोकरीधंद्यातल्या माणसांशी गाठी घालून देतात आणि विद्यार्थ्याने समाजासाठी काही काम करावे अशी अटही घालतात. सुमारे ९८ टक्के विद्यार्थी पदवी पुरी करतात, असे ही संस्था सांगते.

न्यूयॉर्कची शिष्यवृत्ती म्हटली की आपल्याला डॉ. आंबेडकर आठवल्यावाचून राहात नाहीत. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु १९१७ साली मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. रॉबिन्सन दांपत्यालाही कनेटिकटमध्ये घर विकत घेताना वर्णद्वेषाने असेच छळले होते. म्हणजे शिक्षणाने किंवा कीर्तीने सारे अपमान संपतात असे नाही. परंतु बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि त्यांनी तो अभ्यास पुरा केला. त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला, हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला आता थोडेसे सुचते आहे. शिकून उपयोग होतो. पण शिकणारा एकटा पडता कामा नये. आम्ही त्याची फी भरली, पण त्याच्या बसच्या पासाची, पुस्तकांची आणि खचलेल्या मनाची चौकशी केली नाही. निधी जमविणे एका दुपारचे काम आहे. मुलाला सांभाळणे तीन वर्षांचे.

यंदाच्या सामन्याच्या समितीपुढे मी दोन सूचना मांडल्या आहेत: निधीतला काही भाग पास आणि पुस्तकांसाठी राखून ठेवावा, आणि मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक व एक माजी विद्यार्थी नेमावा. भाषा मराठी की कन्नड, हे पाहू नये. सूचनांचा विचार होईल असे आश्वासन मिळाले आहे.

मित्र अजून परतलेला नाही. येत्या रविवारी मी त्याच्या गावी जाणार आहे. या खेपेला पावती घेऊन नव्हे, त्याच्याशी बोलायला.