आईचा शालू, लेकीचं माप
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शिवणकामात 'माया' नावाचा एक शब्द आहे. कापड बेतताना मापापेक्षा जे थोडं जास्तीचं ठेवलं जातं आणि शिवणीच्या आत दुमडून राहतं, ती माया. वरून ती दिसत नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा लग्नाचा ब्लाउज ट्रंकेतून निघतो आणि 'हा आमच्या मुलीला करून द्याल का?' असा प्रश्न येतो, तेव्हा चांगला शिंपी ब्लाउजच्या जरीकडे बघतसुद्धा नाही. तो आधी ब्लाउज उलटा करतो आणि माया किती आहे ते बघतो.

हा प्रश्न हल्ली फार घरांतून येतो. मुलींना आईचा शालू, आजीची पैठणी लग्नात नेसायची असते. नव्या साड्यांना पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर हौस म्हणून. उरण तालुक्यातलं करंजा घ्या. एका अंगाला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी, पलीकडे रेवस. वस्ती मुख्यतः कोळ्यांची आणि आगऱ्यांची. पावसाळी मासेमारीची बंदी १ जूनला लागते, त्याच्या आधीच्या एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या तिथींची गर्दी असते. बस्ता बांधायला माणसं पनवेलला जातात, नाहीतर थेट दादरला हिंदमाताच्या बाजारात. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आल्यावर तर हे जाणं-येणं आणखी सोपं झालं. पण कपडा घेऊन झाला की तो अंगाला बसवण्याचं काम उरतंच, आणि ते बहुतेक वेळा जवळच्याच एखाद्या मशीनवर होतं. गावातल्या शिंप्याच्या, नाहीतर घरी शिवण करणाऱ्या एखाद्या ताईच्या.

आपल्याकडे या बाबतीत एक मोठी सोय आहे. साडीला माप नसतं. सहावारी साधारण साडेपाच मीटरची, नऊवारी सव्वाआठ मीटरची. ती सडपातळ मुलीलाही होते आणि अंगानं भरलेल्या आत्यालाही. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलं जातं, कामाला मोकळं पडावं म्हणून. तेही नेसण्याच्या कसबावर उभं असतं, शिवणीवर नाही. त्यामुळे मापाचा सगळा भार येतो तो एवढ्याशा ब्लाउजवर. साडीला हजारो रुपये मोजलेले असतात आणि मांडवात नवरी अवघडून बसलेली असते ती अर्ध्या वाराच्या ब्लाउजपायी!

आता मायेचा हिशोब बघू. ब्लाउजला दोन बाजू. प्रत्येक बाजूला पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना जोडलेला. म्हणजे मायेच्या एकूण चार कडा झाल्या. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला तरी छातीला दोन इंच मिळतात. जुन्या शिंप्यांनी बाजूला एक-दीड इंच माया ठेवलेली असेल, तर काम होऊन जातं. तयार कपड्यात मात्र माया फारच कमी सोडलेली असते आणि वर ती कडेनं इंटरलॉक करून टाकलेली असते. अशा ब्लाउजातून काही निघत नाही.

पण माया आहे म्हणून ती लगेच उसवू नये. आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे सुईची भोकं. रेशमावर जुन्या टिपेची ओळ उसवल्यावर बारीक टिंबांसारखी दिसत राहते आणि इस्त्रीनं ती पूर्ण जात नाही. दुसरी गोष्ट रंगाची. आत दुमडलेलं कापड गडद राहिलेलं असतं, बाहेरचं उजेडानं आणि घामानं उतरलेलं असतं. त्यामुळे सोडलेला पट्टा वेगळा दिसू शकतो. बाजूची शिवण हाताखाली येते म्हणून पुष्कळदा हे झाकलं जातं. तरी शिंप्याला सांगून आधी बगलेखालचे चार-पाच टाकेच उसवून पाहावेत. रंगातला फरक चालण्यासारखा असेल तरच पुढे जावं.

बगलेचं कापड हाही एक वेगळा विषय आहे. घामानं रेशीम हळूहळू कमजोर होतं. वरून धड दिसणारा ब्लाउज बगलेत बोटांनी हलकेच ताणला तर धागे सरकताना दिसतात. तसं असेल तर तो कितीही सैल केला तरी वरमाला घालताना हात वर गेला की फाटणार. तिथे आतून अस्तर देऊन, बगलेत पतंगाच्या आकाराची कापडाची जोड लावून तो वाचवता येतो. या जोडीनं हात मोकळाही होतो. ही जोड जुन्या सदऱ्यांत सर्रास असायची.

ब्लाउजात वाढवता येत नाहीत अशाही जागा आहेत, आणि लोक नेमकं तेच मागतात. मोठा कापलेला गळा लहान होत नाही, त्याला पट्टी किंवा जाळी लावून झाकावं लागतं. खांदा अरुंद असेल तर तो रुंद होत नाही. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोलावा, तो खोल करता येतो, पण उथळ करता येत नाही. थोडक्यात, जिथे कापड कापून टाकलेलं आहे तिथे शिंपी काही करू शकत नाही.

आता उलट बाजू. ब्लाउज मोठा आहे आणि लहान करायचा आहे. हे सोपं वाटतं आणि म्हणूनच ते वाईट केलं जातं. घाईतला शिंपी दोन्ही बाजूंना आतून आणखी एक टीप मारतो आणि 'झालं' म्हणतो. एखाद्या इंचाचा फरक असेल तर खरोखरच झालेलं असतं. पण तीन-चार इंच कमी करायचे असतील तर अशा टिपेनं मुंढ्यात चुण्या पडतात, टक्स भलतीकडे जातात आणि खांदा उतरतो. अशा वेळी बाही काढून, खांद्यापासून पुन्हा बेतून, टक्स नव्यानं घालून ती बसवावी लागते. एवढं करण्यापेक्षा नवा ब्लाउज शिवणं कमी वेळाचं. म्हणून शिंपी 'अल्टर' म्हटलं की कपाळाला आठ्या घालतो. उसवण्याचं काम डोळे फोडणारं असतं. काळ्या किंवा गर्द जांभळ्या रेशमावरची बारीक टीप रात्रीच्या दिव्यात उसवून बघा, म्हणजे कळेल. आणि त्याची मजुरी मागितली की 'नुसतं सैल तर करायचंय, त्याचे एवढे?' हे ऐकावं लागतं. नव्या शिलाईला आपण मुकाट्यानं पैसे मोजतो आणि उसवून शिवण्याला घासाघीस करतो. माझ्या मते ही मजुरी नव्या शिलाईपेक्षा जास्त असली तरी ती वाजवी आहे.

जुना ब्लाउज मुळीच जमत नसेल तर त्याच साडीतून नवा निघू शकतो का? पुष्कळदा निघतो. साडीचं एक टोक पदराचं आणि दुसरं कमरेला पहिल्यांदा खोचलं जाणारं. हे खोचण्याचं टोक नेसल्यावर दिसत नाही. तिथलं कापड ब्लाउजसाठी काढून त्याच्या जागी त्याच रंगाचं साधं कापड जोडता येतं. जोड कमरेत आणि पहिल्या वळशात दडते. फक्त साडीची लांबी आणि नवरीचा घेर मापून घ्यावा, नाहीतर जोड निऱ्यांत येते. काठाचा तुकडाही त्याच टोकातून मिळतो, तो बाह्यांना लावता येतो.

आता ज्या प्रश्नावर घराघरांत वाद होतात तो. शिवलेली नऊवारी. नेसायला येत नाही, नेसवणारी बाई वेळेवर मिळत नाही, दिवसभर सुटेल अशी धास्ती, म्हणून नऊवारी शिवून घेण्याची चाल पडली आणि ती पसरली. पायजम्यासारखी पायांत घालायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा. सोय निर्विवाद आहे. नवी साडी असेल तर खुशाल शिवावी. पण आजीची पैठणी घेऊन कुणी शिंप्याकडे निघालं असेल तर मी त्यांना उंबऱ्यातच थांबवीन.

पैठणी म्हणजे काय ते लक्षात घ्यायला हवं. पैठण आणि येवला इथल्या विणकरांची ही विद्या. पदरावरचा मोर, पोपट, कमळ हे छापलेलं नसतं, वरून भरलेलंही नसतं. विणकर निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे हातानं एकमेकांत अडकवत ती नक्षी विणतानाच उभी करतो. काठ आणि अंगही तसेच एकमेकांत गुंतवलेले असतात. म्हणून अस्सल हातमागाच्या पैठणीची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. भारी पदराला महिनेच्या महिने लागतात. असं कापड निऱ्यांसाठी आणि पायांसाठी कापलं की कापलेल्या कडेचे धागे सुटत राहतात. शिवाय ती साडी पुन्हा साडी होत नाही. एका मुलीच्या कमरेच्या आणि उंचीच्या मापाला ती कायमची बांधली जाते. पुढच्या बहिणीला ती होईलच असं नाही.

मधला मार्ग आहे. न कापता टाके घालून नऊवारी 'बांधून' देणाऱ्या कारागीर असतात. निऱ्या पक्क्या करायच्या, मागचा काष्टा टाक्यांनी धरायचा, कमरेला आतून वेगळी पट्टी लावून तिला नाडी द्यायची. हे टाके हाताचे, लांब आणि सैल असावेत, लग्नानंतर कात्रीनं उसवून साडी पुन्हा सरळ व्हावी. शिंप्याला काम देताना 'कापायचं नाही' हे चिठ्ठीवर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं हंगामाच्या गर्दीत कुणाच्या लक्षात राहतं?

स्वागत समारंभाचा घागरा आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांतला नवरीचा पांढरा झगा, दोन्हींना एक नियम लागू आहे. लांबी खालून कमी करू नये. खाली काठ, लेस किंवा भरतकाम असतं. कमरेची शिवण उसवून वरून कापड कमी करावं. काम वाढतं, पण घेर बिघडत नाही. नवरदेवाच्या शेरवानीत बहुधा बाहीची आणि कमरेचीच दुरुस्ती असते. खांदा बसत नसेल तर ती घेऊच नये.

जुन्या शालूचं कापड तपासताना घड्या बघाव्यात. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली जर त्या रेषेवर तुटते. खऱ्या जरीत चांदीची चपटी केलेली तार रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो. मुलामा झिजला की आतली चांदी काळवंडते, दमट हवेत लवकर. करंज्यासारख्या खाडीकाठच्या गावात तर कपाटात ठेवलेलं लोखंडही गंजतं, जरीची काय कथा! घडीवर चिरलेली साडी असेल तर तिथे पाठीमागून पातळ रेशमाचा आधार लावून रफू करून घ्यावं. हे काम शिंप्याचं नव्हे, रफूगाराचं. दोघांत गल्लत करू नये.

वेळापत्रकाचंही थोडं बोलू. जुनं कापड शिंप्याला दाखवायला लग्नाच्या दोन महिने आधी न्यावं, म्हणजे जमत नसेल तर दुसरी वाट शोधायला सवड राहते. पण शेवटची फिटिंग आठ-दहा दिवस आधी ठेवावी. लग्न ठरल्यावर मुली जेवण कमी करतात, मग केळवणं सुरू होतात, आणि माप दोन्हीकडे हलतं. फिटिंगला जाताना लग्नात आत जे घालायचं आहे तेच घालून जावं. आणि आरशासमोर नुसतं उभं राहू नये. दोन्ही हात वर करावेत, वरमाला घालतात तसे. ब्लाउज वर सरकला तर मुंढा घट्ट आहे. मांडी घालून खाली बसावं, पुढे वाकून नमस्कार करावा. विधींत नवरी तासन्‌तास पाटावर बसते, आणि करंज्याकडच्या लग्नात त्याच्या आदल्या रात्री हळदीला नाचही असतो. श्वास भरून घेतल्यावर हूक ताणले जात असतील तर ते सांगायला लाजू नये.

हळदीला मात्र शालू बाहेरही काढू नका. आगरी-कोळ्यांच्या हळदीत धवलारीण धवळे गाते, घरभर हळद उधळते आणि ती कुणालाच सोडत नाही. हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल होतो, म्हणून घाबरून आणखी चोळलं जातं. सुती कपड्यावरचा डाग उन्हात फिका पडतो. रेशमाला तेवढं ऊन सोसत नाही.

लग्न पार पडल्यावर शालू लगेच घडी करून ठेवू नये. सावलीत रात्रभर वाऱ्यावर टाकावा, मग सुती मलमलीत गुंडाळावा. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या जरीला टेकवून नकोत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. आणि ब्लाउज देताना शिंपी विचारील, 'आतलं जास्तीचं कापड जाड लागतंय, कापून टाकू का?' त्याला नाही म्हणा. टोचत असेल तर आतून हातशिलाईनं दाबून घ्यायला सांगा.