जागेचा बयाणा देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

कापडाचा ताका घेताना आपण तो उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, मग भाव बोलतो. अंधेरी किंवा घाटकोपरला गाळा वा जमिनीचा तुकडा घेताना मात्र आपले अनेक बांधव दलालाच्या शब्दावर बयाणा देऊन मोकळे होतात. पुरावा म्हणून त्यांच्या हाती असते महापालिकेच्या कराची पावती आणि विजेचे बिल. या दोन्हींनी मालकी सिद्ध होत नाही. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर आकारते, आणि कर भरला म्हणून ते बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

न्यूझीलंडमध्ये जागेसंबंधी नगरपालिकेकडे असलेली सर्व माहिती एकाच अहवालात मिळते, तीही कामकाजाच्या दहा दिवसांत. आपल्याकडे असा एक कागद नाही. निरनिराळी दारे ठोठवावी लागतात.

पहिले दार सिटी सर्व्हे कार्यालयाचे. तेथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळते. त्यावर सीटीएस नंबर, क्षेत्रफळ, धारकाचे नाव, सत्ताप्रकार आणि फेरफाराच्या नोंदी असतात. सत्ताप्रकाराचा रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत. पण जमीन सरकारने अटीवर दिलेली असेल तर ते त्यातूनच कळते, आणि अशी जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. धारक मयत असेल तर सर्व वारसांची चौकशी करावी. आपल्या समाजात भाऊ जमीन विकतात आणि बहिणींना विचारीतही नाहीत. शरीअतने बहिणीचा हिस्सा ठरवून दिला आहे; तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर उद्याचा दावा खरेदीदाराच्या गळ्यात पडतो.

दुसरे दार महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचे. सीटीएस नंबर आणि गावाचे नाव देऊन डीपी रिमार्क मागावा. हा अर्ज आता ऑनलाइनही करता येतो. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर शाळा, मैदान वा दवाखान्याचे आरक्षण आहे काय, रस्ता रुंदीकरणाची रेषा कोठून जाते, हे त्यात असते. कारखानदाराने झोन आधी पाहावा. विक्रेता जुना रिमार्क दाखवील तर त्यावरची तारीख बघावी. सध्याचा 2034 चा आराखडा 2018 साली मंजूर झाला; त्याआधीचा रिमार्क जुन्या आराखड्यावरचा असतो. आरक्षणे बदलली, रस्त्यांच्या रेषाही हलल्या.

रिमार्क जमिनीचा असतो, तिच्यावरच्या शेडचा नव्हे. जुना गाळा असेल तर तो 1 एप्रिल 1962 पूर्वीचा असल्याचा पुरावा मागावा. व्यापारी बांधकामासाठी महापालिका ही तारीख धरते. राहत्या घरासाठी 17 एप्रिल 1964. त्यानंतरचे बांधकाम असेल तर मंजूर नकाशा हवाच.

तिसरे दार दुय्यम निबंधकाचे. वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध घ्यावा, म्हणजे गहाण आणि आधीची विक्री उघडी पडते. जागा वक्फची तर नाही ना, हेही विचारावे. वक्फ जमिनीची विक्री कायद्याने रद्दबातल आहे, मग विकणारा मुतवल्ली कितीही मोठा असो.

एवढे करूनही संकट येते, हे मुलुंड आणि बोरिवलीच्या लोकांनी पाहिले आहे. 1950 च्या दशकात तेथील काही जमिनींबाबत वन कायद्याच्या कलम 35 खाली नोटिसा निघाल्या होत्या. 1975 च्या कायद्याने खासगी वने सरकारजमा झाली, पण या जमिनींवर पुढे महापालिकेच्या मंजुरीने इमारती उभ्या राहिल्या आणि लोकांनी रीतसर घरे घेतली. कित्येक वर्षांनी प्रॉपर्टी कार्डावर खासगी वनाच्या नोंदी चढल्या. 2008 मध्ये हायकोर्टाचा निकाल सरकारच्या बाजूने गेला आणि घर विकणे, त्यावर कर्ज काढणे अवघड होऊन बसले. 30 जानेवारी 2014 रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. म्हणून डोंगराच्या बाजूची जमीन असेल तर वनखात्याकडे स्वतंत्र लेखी चौकशी करावी असे आम्ही सांगतो. राष्ट्रीय उद्यानाभोवती 2016 पासून इको-सेन्सिटिव्ह झोनही आहे. अंधेरीत विमानतळामुळे उंचीवर मर्यादा येते. वर मजले चढवून भाड्याने देऊ असा हिशेब मांडणाऱ्याने ती आधी विचारून घ्यावी.

विक्रेता घाई करील, दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणेल. बयाणा द्यायचाच तर थोडका द्यावा, चेकने द्यावा, आणि करारात स्पष्ट लिहून घ्यावे की डीपी रिमार्क किंवा शोध अहवाल प्रतिकूल आला तर रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. या अटीवर सही करायला जो तयार नाही, त्याच्या जागेचे कागद वकिलाकडून दुसऱ्यांदा तपासून घ्यावेत.