उन्हाच्या वेळापत्रकावर: फेब्रुवारीतला एक दिवस

पहाटे 5:30
गोठ्यातलं शेण गोबरगॅसच्या कुंडीत टाकतो. जेवढं शेण तेवढंच पाणी. काला करताना काड्या, खडे वेचून काढायचे, नाहीतर नळी तुंबते. चार जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा प्लांट चालतो आणि घरचा स्वयंपाक निघतो. थंडीत गॅस कमी धरतो, कारण तो तयार करणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते. म्हणून या दिवसांत पाणी कोमट घेतो.

सकाळी 8
ऊन तापायच्या आत सोलरच्या प्लेटा साध्या पाण्याने पुसतो. त्या ओळीने जोडलेल्या असल्याने एकीवर सावली पडली तरी सगळ्या ओळीचा जोर उतरतो. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या त्यासाठीच छाटल्या.

9 ते 3
पंप 5 एचपीचा, बॅटरी नाही. ऊन आहे तोवर पाणी. कोवळ्या उन्हात जवळचे भाजीचे वाफे भिजवायचे, दहानंतर धार भरली की लांबच्या उसाला दारं धरायची. ढग आला की धार बारीक होते, तेवढ्यात खुरपणी उरकते.

रात्रीच्या लाइटीवर उसात शिरताना साप-विंचवाची धास्ती असायची, घरच्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. दिवसा पाणी मिळणं ही माझ्या लेखी सौरपंपाची सगळ्यात मोठी कमाई आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्केच भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के.

दुपारी 4
गोबरगॅसमधून बाहेर पडलेली स्लरी पाटाच्या पाण्यातून उसाला सोडतो. गॅस चुलीला गेला तरी नत्र तिच्यातच राहतं.

संध्याकाळी 5:30
तोडलेल्या उसाची ट्रॉली कारखान्याकडे निघते. टनभर उसातून रस काढल्यावर पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस उरतो. सहवीज प्रकल्प असेल तिथे तो जाळून केलेल्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि कारखान्याला पुरून उरलेली वीज ग्रीडला जाते. उसाचा हंगाम असा थंडीतला; आमच्या सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचा खरा हंगाम मात्र पावसाळ्यात. आमच्या प्लेटा ढगाखाली असतात, नेमक्या तेव्हा त्या जोरात फिरतात.

रात्री 7
ऊन मावळतं आणि घरोघरी दिवे लागतात. वाढलेल्या मागणीला तेव्हा कोयना धावून येते. तिची क्षमता 1,960 मेगावॅट, आणि पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज सुरू होते. पण धरणातलं पाणी वर्षभर पुरवायचं असतं. दिवसा सौर वीज वापरली, तर ते संध्याकाळसाठी राखता येतं.

सौरपंप घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: आधी विहिरीचं पाणी उन्हाळ्यात किती टिकतं ते पाहा, मग एचपी ठरवा, आणि जमेल तिथे ठिबक करा. उन्हाचं बिल येत नाही म्हणून पाट मोकळा सोडू नका. ऊन उद्या पुन्हा येईल. उपसलेलं पाणी विहिरीत परतायला पुढचा पावसाळा लागेल.