दम लागतो, म्हणूनच चालायचं

सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत आणि वर पाचगणीत एकेकाळी क्षयरोग्यांची सॅनेटोरियमं होती. क्षयावर औषधं नव्हती तेव्हा मोकळी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार होता. औषधं आली, काळ बदलला. छातीचा आजार म्हणजे पडून राहायचं, ही समजूत मात्र घरोघर टिकून आहे. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या रुग्णांना ती फार महागात पडते.

जत-आटपाडीकडची किंवा पाटणच्या डोंगरातली एखादी आजी घ्या. विडीला कधी हात लावला नाही, पण शेणी आणि तुराट्यांचा धूर जन्मभर छातीत घेतला. आता आडावर जाताना धाप लागते. सून मायेनं म्हणते, "आत्या, तुम्ही बसा, मी आणते." आजी बसते, आणि आजार तिथूनच वेग घेतो.

या आजारात आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. भराभर चाललं की जुनी हवा आत असतानाच नवा श्वास येतो, छाती फुगलेलीच राहते, जीव घाबरा होतो. म्हणून माणूस हालचाल टाळतो. मग मांड्यांचे स्नायू झडतात. दुबळा स्नायू थोड्या कामातच थकतो, त्यात आम्ल लवकर साठतं आणि ते निपटायला श्वास आणखी वाढतो. काल आडापर्यंत लागणारा दम आज न्हाणीपर्यंतच लागतो.

माणूस किती चालू शकतो, हे मोजायची साधी चाचणी आहे. तीस मीटरचा सरळ व्हरांडा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि सहा मिनिटं. धाप लागली तर भिंतीला टेकून थांबायची मुभा असते, पण घड्याळ थांबत नाही.

दम लागण्याचं सगळं खापर फुफ्फुसावर फोडणंही चूक. सीओपीडीसोबत हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, ठिसूळ हाडं, उदासी यांपैकी काही ना काही बहुधा असतंच. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या साखर वाढवतात, हाडं पोकळ करतात. पायाला सूज असेल, उताणं झोपल्यावर घुसमट होत असेल, तर हृदय तपासायलाच हवं. या बहुतेक सगळ्या दुखण्यांना एकदम उपयोगी पडणारी गोष्ट चालण्यासारखी दुसरी नाही.

कोपनहेगनच्या रहिवाशांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष 2006मध्ये आला. आठवड्याला दोन तास चालण्याइतकी हालचाल ठेवणाऱ्या सीओपीडी रुग्णांना दवाखान्यात भरती व्हायचा आणि श्वसनविकारानं दगावण्याचा धोका 30 ते 40 टक्के कमी होता. बरे होते म्हणून चालत होते, असंही कुणी म्हणेल. पण व्यायामाच्या स्वतंत्र चाचण्यांतही दम कमी झाला, चालणं वाढलं. फुफ्फुस होतं तसंच राहिलं. सुधारले ते पाय.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. नाकानं श्वास घ्यावा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. दोन-चार शब्द बोलता येतील इतकाच दम लागू द्यावा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबावं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हाही व्यायामच. आणि उसाचा हंगाम संपून शिवारात पाचट पेटलं, की त्या दिवशी बाहेर न जाता सोप्यातच फेऱ्या माराव्यात.