गोंगाटाची किंमत

पनवेलजवळचे ओवे हे एकेकाळचे भातशेतीचे गाव. त्याच्या आणि शेजारच्या गावांच्या जमिनीवर सिडकोने खारघर वसविले, आणि ज्यांच्या आजोबांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडे आज याच परिसरातील महाविद्यालयांत शिकत आहेत. यांतील अनेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१० साली त्या विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढून टाकली. कारण वाङ्मयीन नव्हते. एका विद्यार्थी संघटनेने तिच्या प्रती जाळल्या होत्या, एवढेच. ज्यांनी आंदोलन केले नाही, त्यांना ती शिकण्याची संधी नाकारली गेली.

मने दुखावणाऱ्या वक्त्याला वा लेखकाला विद्यालयाच्या आवारात संरक्षण असावे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे यांनी नोकरी सोडली त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रमच केला. प्रत्येक अप्रिय मत असे खरे ठरते असे नाही. परंतु कोणते ठरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर ऐकून घ्यावयाचे असते.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा नियम लागू पडतो. ज्या वस्तूला चांगला भाव मिळतो, तिचे उत्पादन वाढते. गोंधळाच्या धमकीने व्याख्यान रद्द होऊ लागले, तर धमकी देणाऱ्याला काहीही खर्च न करता नफा होतो आणि सारी किंमत वक्त्याला व श्रोत्यांना मोजावी लागते. मग धमक्या वाढल्या तर नवल कसले? रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे की, निदर्शनांची वा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या दलित वा आदिवासी मुलीला तिच्या जातीवरून हिणवले गेले, तर त्यालाही विचारस्वातंत्र्य म्हणावयाचे काय? मुळीच नाही. सभागृहात मांडलेल्या मताला उत्तर देता येते, प्रश्न विचारता येतो, उठून जाता येते. वसतिगृहात वा प्रयोगशाळेत एका व्यक्तीवर रोखलेल्या अपमानापासून पळवाट नसते. पहिल्याचे उत्तर वाद. दुसऱ्याचे उत्तर शिस्त व कायदा. घटनेच्या एकोणिसाव्या कलमानेही वाजवी निर्बंधांना जागा ठेवली आहेच. शिवाय निमंत्रण मिळणे हा कोणाचा हक्क नव्हे. मात्र दिलेले निमंत्रण दहशतीपोटी मागे घेणे हा संस्थेचा पराभव आहे.

शिक्षेतही प्रमाण हवे. मे २०२५ मध्ये पुण्यातील अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने ‘ऑपरेशन सिंदूर’संबंधी एक मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठविला. चूक उमगताच तिने तो काढला, क्षमाही मागितली. तरी तिला महाविद्यालयातून काढले गेले आणि अटकही झाली. परीक्षा देता यावी म्हणून उच्च न्यायालयाला तिची सुटका करावी लागली आणि महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती द्यावी लागली. जे काम समज देऊन प्राचार्यांच्या दालनात संपावयाचे, ते तुरुंगापर्यंत गेले.

ओव्याच्या मुलांना हे समजण्यास दूर जावे लागणार नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. दि. बा. पाटील यांची भाषणे तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना गोड वाटत नव्हती. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले, ते त्याच कडू बोलण्यातून. आपल्या आजोबांना जे बोलता आले, ते आपल्याला न पटणाऱ्यालाही बोलू द्यावे, एवढे तरी या नातवंडांना महाविद्यालयाने शिकवावयास हवे.