नायिकेचे केस लाल, कव्हरवर मात्र सोनेरी : पुस्तकांची कव्हरं इतकी गंडतात कशी?

‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही १९०८ सालची कॅनेडियन कादंबरी. नायिका ॲन, वय वर्षं ११, अनाथ आणि केस लालभडक. वर्गातला मुलगा केसांवरून ‘गाजर’ म्हणून चिडवतो, तर ही पोरगी त्याच्या डोक्यात पाटी फोडते.

२०१३ साली ॲमेझॉनवर या पुस्तकाची एक आवृत्ती दिसली. कव्हरवर कोण? तर सोनेरी केसांची, चेक्सचा शर्ट घातलेली, झोकात पोझ दिलेली तरुणी! वाचकांनी रिव्ह्यूमध्ये या कव्हरची यथेच्छ धुलाई केली.

आता प्रश्न पडतो, असं होतंच कसं?

पहिलं कारण, कॉपीराइट. तो संपला की पुस्तक कुणीही छापू शकतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी तो संपतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, म्हणजे २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते. पुस्तक स्वस्तात घरोघरी पोचतं हा फायदा. पण कव्हर तपासणारं कुणी असेलच याची खात्री नाही.

दुसरं कारण, स्टॉक फोटो. चित्रकाराकडून नवं चित्र करून घ्यायला पैसा आणि वेळ लागतो. तयार फोटो वेबसाइटवर थोडक्यात मिळतो. तोच फोटो इतरांनाही विकला जातो, म्हणून एकच चेहरा चार वेगवेगळ्या कादंबऱ्यांवर दिसतो.

तिसरं कारण, विक्रीचं गणित. इथे मोठे प्रकाशकही फसतात. सिल्व्हिया प्लाथची ‘द बेल जार’ ही नैराश्यात खोल जाणाऱ्या तरुणीची गोष्ट. २०१३ मध्ये तिच्या पन्नाशीनिमित्त फेबर या ब्रिटिश प्रकाशनाने आवृत्ती काढली. कव्हरवर आरशात बघून पावडर लावणारी बाई! लोकांनी मग इतर गंभीर पुस्तकांची तशीच नटवी कव्हरं बनवून टर उडवली.

पण प्रत्येक चूक हसण्यावारी नेण्यासारखी नसते. २००९ साली जस्टिन लार्बालेस्टियर यांच्या ‘लायर’ या कादंबरीचं अमेरिकेतलं कव्हर आलं. गोष्ट सांगणारी मुलगी कृष्णवर्णीय, कव्हरवर मात्र सरळ केसांची गोरी मुलगी. कृष्णवर्णीय चेहरा असलेली पुस्तकं खपत नाहीत, हा समज त्यामागे असल्याची टीका झाली. कव्हरबाबत शेवटचा शब्द लेखकाचा नसतो, हे लेखिकेनेच जाहीरपणे सांगितलं. ओरड वाढली आणि पुस्तक बाजारात येण्याआधी ब्लूम्सबरी प्रकाशनाने कव्हर बदललं.

म्हणजे लोकांच्या बोलण्याचा उपयोग होतो. फक्त नेम नीट धरायला हवा. फसलेल्या कव्हरवर लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, म्हणून शिव्या त्यालाच बसतात. प्रत्यक्षात निर्णय बहुतेक वेळा प्रकाशकाचा असतो. आणि स्वतःच्या खिशातून पहिलं पुस्तक काढणाऱ्याचं कव्हर जरा ओबडधोबड असलं, तर त्याने कुणाला फसवलेलं नसतं.

त्यामुळे पुढच्या वेळी असं कव्हर फॉरवर्ड करण्याआधी आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव बघा. मग खुशाल हसा, आणि टॅग करायचंच असेल तर त्यांना करा.