प्रशिक्षक टिकवायचा कसा?

परीक्षांचे दिवस आले की आमच्याकडील महाविद्यालयांची मैदाने ओस पडतात आणि त्याच सुमारास मैदानावरचा माणूसही निरोप घेतो. तासिका तत्त्वावर अथवा मानधनावर नेमलेल्या प्रशिक्षकाची मुदत त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते. पुढल्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत आणि बहुधा पुन्हा नवा माणूस. शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावाहून एस.टी.ने महाविद्यालयात येणारा मुलगा तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. तेवढ्या अवधीत त्याला तीन प्रशिक्षक पाहावे लागले, तर त्याने शिकावे कोणाकडून? पहिला त्याला बचावफळीत उभा करतो, दुसरा आघाडीला नेतो आणि तिसरा विचारतो, ‘तू खेळतोस काय?’

यशस्वी प्रशिक्षकाला दीर्घ मुदतीचा करार देऊन बांधून ठेवावे की नाही, हा वाद त्यामुळे आपल्याला परक्या देशातला वाटतो. अमेरिकन विद्यापीठांत मात्र तो नित्याचाच आहे. (त्यांचा फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळला जातो, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू.) टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना 2017 च्या अखेरीस दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरांचा करार दिला. एक हंगाम चांगला जाताच 2021 मध्ये त्याची मुदत 2031 पर्यंत वाढविली. नोव्हेंबर 2023 मध्ये फिशर यांना दूर करावे लागले, तेव्हा पुढे न करावयाच्या कामापोटी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचा भार विद्यापीठावर पडला. याउलट अलाबामा विद्यापीठात निक सेबन 2007 पासून 2023 पर्यंत टिकले आणि त्यांनी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. तेव्हा करार लांबलचक असला म्हणजे तो शहाणपणाचा किंवा मूर्खपणाचा ठरतो असे नव्हे. तो केव्हा दिला आणि कशासाठी दिला, हे पाहावयास हवे.

आपल्या फुटबॉल महासंघाचेच पाहा. 2023 च्या उन्हाळ्यात भारताने आंतरखंडीय चषक आणि दक्षिण आशियाई स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. त्या यशाच्या भरात ऑक्टोबरमध्ये इगोर स्टिमाच यांचा करार 2026 पर्यंत वाढविण्यात आला. पुढल्या मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून पराभव झाला, जूनमध्ये विश्वचषक पात्रतेची आशा मावळली आणि स्टिमाच यांची उचलबांगडी झाली. प्रकरण मिटविण्यासाठी महासंघाला चार लाख डॉलर मोजावे लागले. विजयानंतर दिलेला दीर्घ करार हा पुष्कळदा प्रशिक्षकावरील विश्वास नसतो. ती व्यवस्थापनाने स्वतःला दिलेली शाबासकी असते.

खालिद जमील यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. कूपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीला त्यांनी 2009 पासून सात वर्षे वरच्या श्रेणीत टिकवून धरले. मोठा चषक हाती लागला नाही आणि 2016 मध्ये संघाने त्यांच्याशी फारकत घेतली. पुढल्याच हंगामात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. मुंबईचा संघ त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला आणि मग बंदच पडला. ऐझॉललाही हा माणूस टिकविता आला नाही; विजेतेपदापाठोपाठ ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघ जमील यांच्या हाती सोपविण्यात आला. मुंबईकरांनी याचा अभिमान बाळगावा की खंत, ते त्यांचे त्यांनी ठरवावे. गोव्याच्या धेंपो संघाने मात्र आर्मांदो कोलासो यांना दहा वर्षांहून अधिक काळ राखले आणि 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले.

परंतु शिक्षकवर्गाने विशेष ध्यानात ठेवावे असे नाव सय्यद अब्दुल रहीम यांचे आहे, कारण ते मुळात शाळामास्तर होते. 1950 मध्ये हैदराबाद पोलिसांच्या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली, ती 1963 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत. या संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक 1950 पासून सलग पाच वर्षे जिंकला. रहीम यांची शिकवण्याची रीतही मास्तराचीच होती. ज्यात केवळ कमकुवत पायानेच चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. अशा अभ्यासाचे फळ एका हंगामात पदरात पडत नसते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. आपले बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. आज असा पराभव झाला, तर प्रशिक्षकाचे विमान उतरण्यापूर्वीच त्याच्या हकालपट्टीचे पत्र तयार असेल. राष्ट्रीय संघावर मध्यंतरी इतरांचीही नेमणूक झाली, परंतु 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघ पुन्हा रहीम यांच्याच हाती देण्यात आला. तेथे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले आणि भारत चौथा आला. 1962 मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले, तेव्हा रहीम कर्करोगाने पोखरलेले होते. 10-1 ची नोंद पाहून एखाद्या समितीने त्यांची फाईल कायमची बंद केली असती, तर मेलबर्न आणि जाकार्ता ही नावे आपल्या फुटबॉलच्या इतिहासात उरली नसती.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. कायम नेमणूक दिली की माणूस आळसावतो, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. कायम पदावरचे गृहस्थ खुर्चीत आणि मैदानावर गुडघाभर गवत, हेही दृश्य मी पाहिलेले आहे. पण एका वर्षाच्या नेमणुकीने त्या गवताला काही अटकाव होत नाही. जो पुढल्या वर्षी येथे नसणार, तो ते उपटील कशाला? त्याला याच हंगामात ढाल दाखवावयाची असते. म्हणून तो तयार खेळाडू हेरतो आणि पाड्यावरून प्रथमच आलेल्या, बूट न घातलेल्या मुलाकडे वळूनही पाहत नाही. हा दोष त्या प्रशिक्षकाचा नव्हे. पी हळद अन् हो गोरी, ही व्यवस्थापनाचीच मागणी असते.

2018 साली शासनाने महाविद्यालयीन पदभरतीला मान्यता दिली, तेव्हा साऱ्या राज्यासाठी शारीरिक शिक्षण संचालकांची पदे होती 139. तेवढ्यात सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत काय पोहोचावयाचे? कायम पदे येतील तेव्हा येवोत. तोवर संस्थांनी निदान सहा वर्षांचा करार करावा, म्हणजे मुलांच्या दोन पिढ्या एकाच हाताखालून जातील. तिसऱ्या वर्षी त्याच्या कामाची तपासणी अवश्य व्हावी; पण ती ढाली मोजून नव्हे, तर पहिल्या वर्षी मैदानावर आलेल्या मुलामुलींपैकी तिसऱ्या वर्षी किती उरली, हे मोजून. पैशांची सबब पुढे येईल. सहा जणांना एकेक वर्ष द्यावयाचे मानधन एकालाच सहा वर्षे द्यावयाचे आहे. यात खजिन्यावर मोठा ताण येतो असे दिसत नाही. आणि एवढेही जमत नसेल, तर किमान जूनमधील नेमणुकीचे पत्र जूनमध्येच काढावे. सप्टेंबरात रुजू झालेला प्रशिक्षक आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर आले, तरी मुलांची नावेच पाठ करीत असतो.